वाकणाऱ्या सौरपत्र्याविषयी

खानापूर तालुक्यातील एका वाचकभगिनीने पत्र पाठवून आम्हांस एक व्यावहारिक प्रश्न विचारला आहे. घर मंगलोरी कौलांचे, वासे आजेसासऱ्यांच्या वेळचे. छपरावर सूर्यापासून वीज करणारी पॅनेले बसवावीत म्हणून त्यांनी जाणता माणूस बोलावून छप्पर दाखविले, तेव्हा त्याने वर पाहून मान हलविली. हे वासे एवढा भार सोसणार नाहीत, असे सांगून तो निघून गेला. इकडे पुण्यास शिकणाऱ्या भाच्याने मात्र कळविले की, मावशी, घाई करू नकोस. चटईसारखी गुंडाळता येणारी सौरपाने आता निघाली आहेत, ती कौलांवर नुसती अंथरली की काम झाले, आणि ती पेरोव्स्काइट नावाच्या पदार्थाची असतात. तेव्हा थांबावे की थांबू नये, असा त्यांचा प्रश्न आहे.

कौलारू घरांत राहणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांस हाच प्रश्न उद्या पडणार, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देणे आम्हांस इष्ट वाटते. नेहमीचे पॅनेल सिलिकॉनचे असते. सुमारे दोन चौरस मीटरच्या एका पॅनेलचे वजन काच व चौकट धरून वीस ते पंचवीस किलो भरते. तीन किलोवॅट वीज हवी तर अशी सहाएक पॅनेले लागतात, शिवाय त्यांखालचा लोखंडी सांगाडा वेगळा. आषाढातल्या वाऱ्याने हा सारा डोलारा खालून उचलला म्हणजे वाशांवर काय ताण येईल, ह्याची कल्पना कौले शाकारणारा कोणीही देईल. तेव्हा भाच्याने लिहिलेली गोष्ट पोकळ नाही. हलका, वाकणारा सौरपत्रा खरोखरच हवा आहे, आणि तो करण्याचा प्रयत्न जगभर चालू आहे. प्रश्न एवढाच की, तो प्रयत्न कोठवर आला आहे.

प्रथम ह्या पेरोव्स्काइटाचे कूळ पाहू. 1839 साली उरल पर्वतात सापडलेल्या एका खनिजाचे परीक्षण जर्मन खनिजशास्त्रज्ञ गुस्टाव रोझ ह्यांनी केले आणि लेव्ह पेरोव्स्की ह्या रशियन सरदाराच्या नावावरून त्यास हे नाव दिले. ते खनिज म्हणजे कॅल्शियम, टायटॅनियम आणि प्राणवायू ह्यांचे संयुग होय. सौरघटातील पदार्थात ह्यांपैकी एकही द्रव्य नसते! दोहोंत समान आहे ती केवळ अणूंची मांडणी. एका अणूभोवती सहा अणू उभे राहून एक पिंजरा होतो, असे पिंजरे कोपऱ्याला कोपरा लावून रचले जातात, आणि त्यांच्यामधल्या पोकळीत तिसरा, जरा थोराड घटक जाऊन बसतो. अशी रचना ज्याची ज्याची असेल त्या साऱ्यांस पेरोव्स्काइट म्हणण्याची चाल पडली. आडनाव एक आणि घरे अनेक, असाच हा प्रकार आहे. सौरघटासाठी जो पेरोव्स्काइट मनुष्याने प्रयोगशाळेत तयार केला त्यात पिंजऱ्याच्या मध्यभागी शिसे, भोवती आयोडीन आणि पोकळीत बहुधा एक लहानसा सेंद्रिय घटक असतो.

जपानात योकोहामा येथील तोइन विद्यापीठातील प्रा. त्सुतोमु मियासाका व त्यांचे सहकारी ह्यांनी 2009 साली असल्या पदार्थाचा सौरघट प्रसिद्ध केला, तेव्हा पडलेल्या उन्हाच्या शंभर भागांपैकी जेमतेम 3.8 भागांची वीज झाली. तीही फार वेळ टिकेना, कारण घटात भरलेला द्रवच स्फटिकास विरघळवून टाकी. 2012 साली ऑक्सफर्ड येथे हेन्री स्नेथ व कोरियात नाम-ग्यू पार्क ह्यांच्या मंडळींनी त्या द्रवाऐवजी घन पदार्थ घातला आणि कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास नेली. पुढची चढण विलक्षण वेगाने झाली. आज काचेवर केलेले असे लहान घट 26 टक्क्यांच्या वर वीज देतात, आणि सिलिकॉनवर पेरोव्स्काइटाचा थर चढवून केलेल्या जोडघटांनी 34 टक्केही ओलांडले आहेत. सिलिकॉनला जो पल्ला गाठण्यास अर्धे शतक लागले तो ह्याने पंधरा वर्षांत गाठला.

ह्यात नवल वाटावे असे आणखी एक कारण आहे. सिलिकॉनचा स्फटिक करावयाचा तर तो 1414 अंशांवर वितळवावा लागतो, मग त्याच्या चकत्या कापावयाच्या. एक चकती सुमारे दीडशे मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा सातवा हिस्सा, आणि वाकवू गेल्यास पापडासारखी मोडणारी. पेरोव्स्काइटाची द्रव्ये मात्र विद्रावकात विरघळवून शाईसारखी पसरता येतात आणि शंभर अंशांच्या आसपासच्या उष्णतेवर वाळविली की स्फटिक तयार! थर केवळ अर्ध्या मायक्रॉनचा. म्हणूनच ही शाई प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर पसरावी आणि वर्तमानपत्र छापावे तसे सौरपत्र्याचे गुंडाळेच्या गुंडाळे छापून काढावेत, ही कल्पना पुढे आली.

तथापि येथूनच अडचणी सुरू होतात; आणि त्या मुख्यतः स्वतः पेरोव्स्काइटाच्या नसून त्याच्या सोबत्यांच्या आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

आमच्या गोव्याकडील वाचकांस बिबिंका ठाऊक आहेच. थरावर थर देत ती भाजावी लागते, आणि एक थर नीट बसला नाही की सुरी लावताच सारे सुटते. सौरघट म्हणजे अशीच बिबिंका होय. तळाशी प्लॅस्टिकचा पत्रा; त्यावर वीज वाहून नेणारा पण प्रकाश न अडविणारा थर; त्यावर ऋण विद्युत्कण वेचून घेणारा थर; मग पेरोव्स्काइट; त्यावर धन भार वेचणारा थर; आणि शेवटी धातू. ह्या सहांपैकी एकाने जरी वाकण्यास नकार दिला तरी पत्रा निकामी.

सर्वांत आडमुठा सोबती तो दुसरा, पारदर्शक थर. तो इंडियम व कथील ह्यांच्या ऑक्साइडचा असतो. मोबाइलच्या पडद्यातही हाच वापरतात. गुण उत्तम, पण जात मातीच्या भांड्याची. एक ते दोन टक्क्यांनी ताणला की त्यास तडे जातात, आणि तडा गेला की विजेची वाट तुटते. एक-दोन टक्के ताण म्हणजे किती, हे सांगतो. ओल्या बांबूची कांब घेऊन वाकवावी. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली आवळली जाते, आणि बरोबर मधल्या रेघेवर ताणही नाही आणि दाबही नाही. बाहेरच्या बाजूचा ताण काढावयाचा तर पत्र्याच्या निम्म्या जाडीस वळणाच्या त्रिज्येने भागावे. नेहमी वापरतात तो प्लॅस्टिकचा पत्रा 125 मायक्रॉन जाड असतो. तो एक सेंटिमीटर जाडीच्या दांड्यावर गुंडाळला तर बाहेरच्या पृष्ठावर सव्वा टक्का ताण पडतो. म्हणजे तडा जाण्याच्या अगदी उंबऱ्यावर; आणि एकदा नव्हे, हजारदा गुंडाळावयाचे आहे.

ह्यावर उपाय तीन दिशांनी शोधले गेले. पहिला उपाय म्हणजे तो आडमुठा थरच काढून टाकणे, आणि त्याच्या जागी चांदीच्या अतिसूक्ष्म तारांचे जाळे, वीज वाहणारे प्लॅस्टिक किंवा कार्बनचे पापुद्रे घालणे. हे सारे वाकतात खरे. पण चांदीचा आणि आयोडीनचा संबंध आला की चांदी गंजते, आणि वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकास ओल सोसत नाही. दुसरा उपाय बांबूच्या मधल्या रेघेचा. घटावर तेवढ्याच जाडीचा दुसरा पत्रा चिकटवावा, म्हणजे नाजूक थर आपोआप मध्यभागी येऊन त्यांवर ताणच पडत नाही. युक्ती साधी आहे, आणि आमच्या मते ह्या साऱ्या विषयातील सर्वांत शहाणपणाची. तिसरा उपाय पत्राच पातळ करण्याचा. ऑस्ट्रियातील लिंझ येथे मार्टिन काल्टेनब्रुनर ह्यांच्या प्रयोगशाळेने 2015 साली सारा घट मिळून केवळ तीन मायक्रॉन जाडीचा केला. त्याची कार्यक्षमता 12 टक्के होती आणि एका ग्रॅम वजनामागे 23 वॅट वीज मिळत होती. तीन मायक्रॉनचा पत्रा त्याच दांड्यावर गुंडाळला तर ताण अवघा शेकडा 0.03 पडतो. त्यांनी खेळण्यातले एक विमान ह्या घटांवर उडवून दाखविले. विमानास हे शोभते. पण कौलांवर असला पापुद्रा अंथरला तर पहिला कावळाच त्याची परीक्षा घेईल.

प्लॅस्टिकचा दुसरा दोष उष्णतेचा. काचेवरच्या घटात विद्युत्कण वेचण्यासाठी टायटॅनियमचे ऑक्साइड घालीत आणि ते 500 अंशांच्या जवळपास भाजीत. पाण्याच्या बाटल्या ज्याच्या होतात ते पेट नावाचे प्लॅस्टिक तर ऐंशी अंशांच्या सुमारासच मऊ पडू लागते. तेव्हा कमी आचेवर बसणारा थर शोधणे भाग पडले. सिंगापूरच्या नान्यांग विद्यापीठातील प्रा. सुबोध म्हैसाळकर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी 2013 साली जस्ताच्या ऑक्साइडचा थर वापरून प्लॅस्टिकवरचा घट केला. त्याची कार्यक्षमता 2.62 टक्के, आज आकडा क्षुल्लक वाटतो, पण लवचीक पेरोव्स्काइट घटांपैकी तो अगदी आरंभीचा होय. पुढे कथिलाच्या ऑक्साइडने ती जागा घेतली, कारण ते दीडशे अंशांच्या आत बसते. आज प्रयोगशाळेतील लवचीक घट 24 टक्क्यांच्या वर गेले आहेत. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. असे आकडे बहुधा नखाएवढ्या, किंबहुना नखाहूनही लहान तुकड्यांवर मोजलेले असतात. नखाएवढ्या जागेत थर सारखा बसविणे वेगळे आणि हातभर रुंद पत्र्यावर मैलभर बसविणे वेगळे. बातमीत टक्के वाचले की तुकडा केवढा होता हेही विचारावे.

तिसरी अडचण थरांच्या सांध्याची. पेरोव्स्काइटाचा थर दिसतो अखंड, पण असतो साखरेच्या चिक्कीसारखा दाणेदार. वाकविताना भेग पडते ती दाण्यांच्या सीमांवर, नाहीतर दोन थर जेथे भेटतात तेथे. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाचे प्रा. नितीन पडतुरे, जे पवईच्या आय. आय. टी.तून पदवी घेऊन गेले, ते मूळचे चिनी मातीसारख्या ठिसूळ पदार्थांचे अभ्यासक. ठिसूळ वस्तू कोठून फुटते हे ज्यास कळते, तोच येथे उपयोगी पडणार. त्यांच्या मंडळींनी 2021 साली कथिलाच्या ऑक्साइडमध्ये आणि पेरोव्स्काइटामध्ये रेणूंचा एकेरी थर घातला. रेणूचे एक टोक ऑक्साइडला धरते, दुसऱ्या टोकास आयोडीन असल्याने ते पेरोव्स्काइटाशी जुळते. एका रेणूच्या जाडीचा हा डिंक! त्याने सांध्याचा चिवटपणा निम्म्याने वाढला, आणि अखंड उजेडात घटाची कार्यक्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांवर उतरण्यास जो सुमारे 700 तासांचा काळ लागे तो सुमारे 4000 तासांवर गेला. हा प्रयोग काचेवरच्या घटावरचा होता. पण डिंकाची ही कल्पना लवचीक घट करणाऱ्यांनीही उचलली. चीनमधील संशोधकांनी तर आपल्या पाठीच्या कण्यातील मणके आणि त्यांमधली मऊ गादी पाहून तसाच चिकट, मऊ थर ह्या दोन ठिसूळ थरांमध्ये घातला आहे.

आता ह्या 4000 तासांचा घरगुती हिशेब करून पाहू. दिवसाला पाच तास पूर्ण ऊन धरले तर आठशे दिवस, म्हणजे दोन वर्षे आणि अडीच महिने. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही मोठी मजल होय, ह्यात शंका नाही. पण सिलिकॉनच्या पॅनेलास विकणारे पंचवीस वर्षांची हमी देतात, हेही त्याच दमात आठवावे लागते.

आणि ह्या हिशेबात पाऊस धरलेलाच नाही. पेरोव्स्काइटाचा खरा वैरी म्हणजे ओल. शाईपासून सहज होणारा स्फटिक ओल लागली की तितक्याच सहज विस्कटतो. ज्या गुणाने तो स्वस्त झाला त्याच गुणाने तो अल्पायुषी. काचेतून वाफ जात नाही. प्लॅस्टिकातून जाते, डोळ्यांस दिसत नाही, पण पेटच्या साध्या पत्र्यातून दर चौरस मीटरला दिवसाकाठी ग्रॅमाच्या मापाने वाफ आरपार जाऊ शकते, आणि ह्या घटास ग्रॅमाचा दहा हजारावा भागदेखील जास्त होतो. म्हणून प्लॅस्टिकवर काचेसारख्या ऑक्साइडचे आणि प्लॅस्टिकचे थर आलटून पालटून चढवितात. पण ऑक्साइडचा तो थरही वाकविताना तडकतो! जो दोष टाळावयास निघालो तोच मागील दाराने पुन्हा घरात आला. पॅनेलांच्या कसोटीत 85 अंश उष्णता आणि शेकडा 85 आर्द्रता अशा कोठडीत ती हजार तास ठेवण्याचा नियम आहे. कोकणात किंवा खानापूरच्या रानात पावसाळा काढलेल्या मनुष्यास ही कसोटी अवाजवी वाटणार नाही.

ह्या कामी आज जपानी लोक पुढे आहेत, आणि त्याचे कारण आमच्या पत्रलेखिकेच्या कारणासारखेच आहे: तेथे भार न सोसणारी छपरे पुष्कळ, आणि मोकळी जमीन थोडी. शिवाय आयोडीन त्यांच्या भूमीतच निघते. जगातील सुमारे तीस टक्के आयोडीन जपान काढतो, त्याच्यापुढे फक्त चिली. सेकिसुई केमिकल ह्या कंपनीने तीस सेंटिमीटर रुंदीचे गुंडाळे तयार केले, त्यांची कार्यक्षमता 15 टक्के आणि बाहेरच्या हवेत टिकण्याची मुदत दहा वर्षांएवढी असल्याचे तिने जाहीर केले आहे. 2025 साली ओसाका येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात बसगाड्यांच्या तळावरील अडीचशे मीटर लांबीच्या छपरास हाच पत्रा लावला होता. प्रयोगशाळेतले 24 आणि गुंडाळ्यातले 15, प्रयोगशाळेतले महिने आणि छपरावरची वर्षे, ह्यांमधले अंतर कापणे हेच ह्या शास्त्राचे सांप्रतचे काम आहे. न वाकणारा पेरोव्स्काइट मात्र बाजारात पोहोचला. ऑक्सफर्ड पीव्ही ह्या कंपनीने सिलिकॉनवर हा थर चढविलेल्या काचेच्या पॅनेलांचा पहिला माल 2024 साली अमेरिकेतील गिऱ्हाइकास पाठविला.

तेव्हा आमचे स्पष्ट मत असे की, ह्या पत्र्याची वाट पाहत घर अंधारात ठेवू नये. आपल्याकडील दुकानांत 'फ्लेक्सिबल' म्हणून जी पॅनेले विकावयास येतात ती बहुतेक सिलिकॉनच्याच पातळ चकत्या प्लॅस्टिकात बसवून केलेली असतात. त्यांस पेरोव्स्काइट समजून घेऊ नये, आणि हमी किती वर्षांची हे कागदावर लिहून घेतल्याखेरीज तर मुळीच घेऊ नये. वासे खरोखर जीर्ण असतील तर सुताराकडून ते तपासून घ्यावेत, बदलण्याजोगे बदलावेत. अथवा परसात, गोठ्याशेजारी, जेथे दक्षिणेचे ऊन अडत नाही तेथे स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर नेहमीची पॅनेले उभारता येतात का ते पाहावे. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचास 78,000 रुपयांचे साहाय्य ठरविले होते. त्याच्या अटी व सध्याची स्थिती वीज कार्यालयात जाऊन स्वतः विचारावी. भाच्याने दिलेली बातमी खोटी नव्हती, एवढे मात्र त्यास अवश्य सांगावे.

एका गोष्टीचा उल्लेख आम्ही मुद्दाम शेवटासाठी ठेवला आहे, कारण ती आमच्या दृष्टीने कार्यक्षमतेहून मोठी आहे. ह्या पदार्थात शिसे आहे. ते थोडे असते. अर्ध्या मायक्रॉनचा थर एक चौरस मीटरवर पसरला तर तो सुमारे दोन ग्रॅम भरतो आणि त्यात शिसे एक तृतीयांश, म्हणजे ग्रॅमाच्या सात दशांशांएवढे. मोटारीच्या बॅटरीत तर किलोंनी शिसे असते, मग ह्या चिमूटभरासाठी एवढे भय कशाला, असे काही जण म्हणतात. आम्हांस हा युक्तिवाद पटत नाही. बॅटरी जाड पेटीत बंद असते आणि जुनी झाली की भंगारवाला तिला पैसे मोजून नेतो. फाटक्या प्लॅस्टिकच्या पत्र्यास कोण पैसे देणार? तो उकिरड्यावर जाईल, नाहीतर गोठ्याच्या गळक्या कुडावर बांधला जाईल. शिवाय ह्यातले शिसे पावसाच्या पाण्यात उतरू शकते. पिण्याच्या पाण्यात लिटरामागे दहा मायक्रोग्रॅमांहून अधिक शिसे असू नये, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. ह्या हिशेबाने एका चौरस मीटरातले शिसे सत्तर हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरते. चार मीटर रुंदीच्या विहिरीत साडेपाच मीटर पाणी असेल तर ते साधारण इतकेच भरते. आणि शिशाचा अपाय सर्वांत अधिक होतो तो लहान मुलांच्या मेंदूस.

शिशाऐवजी कथील घालून पाहिले गेले आहे. परंतु ते हवेतील प्राणवायूने लवकर बिघडते आणि वीजही पुष्कळ कमी देते. दुसरा मार्ग शिसे राहू देऊन त्यास बाहेर पडू न देण्याचा. अमेरिकेतील नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठ आणि तेथील राष्ट्रीय अपारंपरिक ऊर्जा प्रयोगशाळा ह्यांच्या संशोधकांनी 2020 साली घटाच्या दोन्ही बाजूंस शिसे पकडून ठेवणाऱ्या द्रव्यांचे थर दिले, मग घट मुद्दाम फोडून पाण्यात बुडविले; गळू पाहणाऱ्या शिशापैकी 96 टक्क्यांहून अधिक त्या थरांनी धरून ठेवले. तेही घट काचेचेच होते. हजारदा वाकविलेल्या, उन्हाने कडक झालेल्या प्लॅस्टिकात तो थर तितकाच इमानी राहतो की नाही, ही कसोटी गुंडाळे विकणाऱ्यांनी टक्क्यांच्या आकड्याआधी जाहीर करावयास हवी. आणि जुना पत्रा परत घेण्याची व्यवस्था कोण करणार, हेही विक्रीच्या कागदावरच लिहिलेले असावे.